मोजल्याबिगर दार लावायचं न्हाई

म्हातारीनं आणि मी मिळून शेवटचं काम केलं, ते नसलेल्या मेंढ्या वाड्यात कोंडायचं.

दिवस मावळत होता. ती वाड्याच्या तोंडाशी काठी आडवी धरून उभी होती. एकेकीचं नाव घ्यायची, काठी उचलायची, पुन्हा खाली करायची. "कानी. बुची. भोरी. खादाडी." आत काहीच जात नव्हतं. आमचं कुत्रं, तुफान, जीभ बाहेर काढून मागं अर्धगोल पळत होतं. सगळ्यांच्या मागून मी. मी आत शिरलो तशी तिनं माझ्या पाठीला काठी टेकवली आणि म्हणाली, "झालं." मी बाभळीची फांदी ओढून दार लावलं. मग आम्ही चहा प्यालो. चहात साखर कमी होती, ते मी बोलून दाखवलं. "उद्या जास्त घालते," म्हणाली.

सकाळी ती उठली नाही. झोपेतच गेली.

म्हातारीचं, म्हणजे माझ्या बायकोचं, नाव भागाबाई. गावात कोणालाही विचारा, आधी हसतील, मग सांगतील. ती येडी नव्हती. येडी असती तर मला इतकी वर्षं सांभाळून घेतलं नसतं.

आम्ही धनगर. शहागडला मोठ्या रस्त्याच्या अलीकडं आमचं घर, पलीकडं नदी. घराभोवती काट्याचं कुंपण, तोच मेंढ्यांचा वाडा. वाड्यातूनच घरात जायचं. जन्मभर मेंढ्या राखल्या. मी चारायला न्यायचो, पण संध्याकाळी मोजायचं काम तिचं. तिला आकडे येत नव्हते. ती नावांनी मोजायची. एक नाव राहिलं तर वाडा उघडा. पाऊस असो, ताप असो. "मोजल्याबिगर दार लावायचं न्हाई," हे तिचं एकच शास्त्र.

मग माझा गुडघा गेला. मेंढ्या तिच्याच भावाला दिल्या, तीर्थपुरीच्या बाबुरावला. मेंढ्या गाडीत चढल्या तेव्हा म्हातारी रडली नाही. मी रडलो का, ते विचारू नका. दुसऱ्या दिवसापासून मी रस्त्यावरच्या चांदभाईच्या हॉटेलात जाऊन बसायला लागलो. सकाळी बसलो की संध्याकाळीच उठायचं. बोलायचं काही नाही, ऐकूही कमीच यायचं. जाणारे ट्रक बघायचे.

मेंढ्या गेल्या आणि तुफान राहिला. ऐन उमेदीचं कुत्रं, हातात काम नाही. उन्हाळ्यात लिंबाखाली पडून राहायचा, ते चालून गेलं. पण नदीवर धुकं उतरायला लागलं आणि त्याच्या अंगात आलं. थंडीत त्या कुत्र्याला दम म्हणून निघत नव्हता. चांदभाईच्या कोंबड्या गोळा करून त्यानं बाकड्याखाली कोंडल्या. शाळेतली पोरं पारापाशी घेरून उभी केली, घंटा झाली तरी सोडीना. सकाळी माणसं शेकोटीभोवती बसायची, तिथं याचा पहारा. कोणी उठलं की मागून ढोपराला नाक लावून परत शेकोटीपाशी बसवायचा. पाटलाचा म्हातारा लघवीला जाऊ शकेना.

"चाचा, ये कुत्ता है के थानेदार?" चांदभाई म्हणायचा.

म्हातारीनं नाना उपाय केले. कडब्याच्या गंजीत भाकरीचे तुकडे लपवले. त्यानं तुकडे खाल्ले आणि गंजी पाडली. जुन्या गोधडीचा बोळा दोरीला बांधून ती अंगणात पळाली. केस पांढरे, पायात चप्पल नाही, आणि मागं ते कुत्रं. दोघांनाही धाप लागली. तुफानची लगेच गेली, तिची बराच वेळ गेली नाही. मग चुलीपुढं बसून मिसरी लावता लावता म्हणाली, "कामाचं जनावर हाय. त्याला खेळ नको, काम पायजे."

दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर तिनं रिकाम्या वाड्याचं दार उघडलं, काठी आपटली आणि "हुर्रर्र" केलं.

मला वाटलं, कुत्रं हिच्या तोंडाकडं बघत बसेल. तसं झालं नाही. तुफान एकदम खाली दबला, कान मागं टाकले आणि दारातून जे काय बाहेर पडत होतं, त्याच्या कडेनं निघाला. डावीकडून गेला, परत उजवीकडं आला. मध्ये जागा सोडून चालायचा. त्या सोडलेल्या जागेत तो कधीच पाय ठेवत नव्हता.

मग रोजच झालं. सकाळी नदीकडं, संध्याकाळी परत. मधी मोठा रस्ता. एकदा उसाचा ट्रक आला, तर हिनं काठी आडवी केली.

"ओ मावशी, सरका की बाजूला!"

"थांब जरा. मेंढ्या चालल्यात, दिसत न्हाई का?"

"कुठंयत मेंढ्या?"

"तू आधी इंजिन बंद कर. भेदरतात त्या."

आणि त्या बाप्प्यानं इंजिन बंद केलं! मी हॉटेलातून बघत होतो; बोलणं काय झालं ते नंतर त्यानंच सांगितलं. सगळ्यांच्या मागून तुफान रस्ता ओलांडून गेला तेव्हा त्यानं गाडी बाजूला घेतली आणि चहा प्यायला आला. मला वाटलं हसेल. तो हात चोळत बसला. म्हणाला, "बाबा, दिसलं काहीच न्हाई. पण खिडकीतून लोकरीचा वास आला. ओल्या लोकरीचा."

"नदीचा वास असंल," मी म्हणालो.

"नदीला असा वास असतो का?" म्हणाला, आणि अजून एक चहा घेतला.

मी असल्या गोष्टी मानत नाही. पण जे बघितलं ते सांगतो. एका सकाळी वाड्यात दव पडलं होतं. सगळी जमीन ओली, आणि मधी मधी मेंढीच्या अंगाएवढ्या कोरड्या जागा. मी म्हातारीला दाखवलं.

"बसल्या व्हत्या तिथं," ती म्हणाली.

"तुफान लोळला असंल."

"एक कुत्रं किती ठिकानी लोळंल, सांगा बरं?"

चांदभाईची शेळी मात्र तेव्हापासून आमच्या वाड्यात येईना. आधी रोज आमचा कडबा चोरायची.

संध्याकाळी तुफान हॉटेलात यायचा. मला वाटायचं, टोस खायला येतो. मी अर्धा टोस द्यायचो, तो गिळायचा, मग माझ्या ढोपराला नाक लावून मला उठवायचा आणि घरापर्यंत ढकलत न्यायचा. दाराशी म्हातारी काठी घेऊन उभी. मी आत गेलो की "झालं." त्या शब्दावर तुफान आत यायचा, खायचा आणि पडायचा. असे आमचे हिवाळ्याचे दिवस चालले होते.

तर मग ती गेली.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळा लगेच शिवला. माणसं म्हणाली, "सुटली बाई, कशातच जीव अडकला नव्हता." तुफानला कोणी विचारलं नाही. तो त्या दिवसांत रोज सकाळी एकटाच नदीकडं जायचा आणि संध्याकाळी एकटाच हाकत आणायचा. वाड्याच्या तोंडाशी सगळं आत घालायचा आणि स्वतः बाहेर थांबायचा, नदीकडं तोंड करून. धुक्यात त्याची नुसती पाठ दिसायची. मी फांदी ओढायला गेलो की दात दाखवायचा. माझ्यावर कधी गुरकावलं नव्हतं त्यानं. दुधात भाकरी कुस्करून बाहेर ठेवली, ती तशीच गारठून जायची. बरगड्या वर आल्या होत्या.

बाबुराव म्हणाला, "दाजी, कुत्रं मला द्या. माझ्याकडं खऱ्या मेंढ्या हायत. हितं मरून जाईल ते."

त्याचं बरोबर होतं. मी म्हणालो, "ने."

"उद्या सकाळी गाडी घेऊन येतो."

पाहुणे गेले. संध्याकाळी मी हॉटेलात जाऊन बसलो. मला उठवायला कोणी आलं नाही. चांदभाईनं भट्टी विझवली तरी मी बसलेलाच. तो शेजारी येऊन बसला.

"चाचा, घर नहीं जाना?"

"जाईन."

"एक बात बोलूं? वो कुत्ता टोस के लिए नहीं आता था."

"मंग कशाला यायचा?"

"काकी तिकडून आवाज द्यायची, 'तुफान, एक राह्यलं, आण जा.' रोज. तुम्हाला ऐकू कमी येतं. सगळ्या रोडला ऐकू जायचं. तुम्ही दारातून गेल्याबिगर काकीची गिनती पुरी होत नव्हती." त्यानं फडका खांद्यावर टाकला. "मी एकदा विचारलं, काकी, कुत्ते के लिए इतना? तर बोलली, 'कुत्र्याचं निमित्त हाय, चांदभाई. म्हातारं तिथं बसून बसून गार होऊन जाईल.'"

मी उठलो. घरी आलो. तुफान दाराबाहेर तसाच बसलेला. मी वाडा उघडाच ठेवला आणि आत जाऊन पडलो.

सकाळी धुकं इतकं होतं की लिंब दिसत नव्हता. कुडाला टेकवलेली तिची काठी घेतली. वाड्यात उभा राहून "हुर्रर्र" केलं. माझा आवाज फुटका निघाला. तुफाननं मान वळवून माझ्याकडं बघितलं, मग दबून निघाला. मी लंगडत मागं. काठापर्यंत गेलो, वळलो. माझ्या दोन्ही बाजूंनी गवत हलत होतं. वारं नव्हतं.

परत येऊन मी दाराशी उभा राहिलो, जिथं ती उभी राहायची तिथं. काठी आडवी धरली. कानी. बुची. भोरी. खादाडी. सगळी नावं घेतली, मला येतात. दर नावाला काठी उचलली. सगळ्या झाल्या आणि तुफान नदीकडं तोंड करून बसला.

आज मी दाराशी होतो. मग राहिलं कोण, ते मला तेव्हा कळलं. कुत्र्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"तुफान," मी म्हणालो, "एक राह्यलं. आण जा."

तो धुक्यात गेला. जिथं तिला जाळलं त्या बाजूला. बराच वेळ काही नाही. रस्त्यावर एखादा हॉर्न, तोही लांबचा. मग तो दिसला. सावकाश येत होता. चार पावलं चालायचा, थांबायचा. पुन्हा चालायचा. मेंढीमागं तुफान कधी असा चालला नाही. धाप लागणाऱ्या माणसाच्या मागं चालावं तसा चालत होता, आणि पुढं मोकळी जागा सोडलेली.

मी काठी उचलली. चांगली उंच धरली, मेंढीला लागते त्यापेक्षा उंच. हाताला गार लागलं. मिसरीचा वास आला.

पुरता वेळ दिला. मग म्हणालो, "झालं."

तुफान माझ्या पायाजवळून आत आला. मी फांदी ओढली. त्यानं वळून एकदा दाराकडं बघितलं आणि कालची गार भाकरी ताटली वाजवत खाल्ली. मी शेकोटी पेटवली, चहा ठेवला. साखर जास्त घातली.

बाहेर बाबुरावच्या गाडीचा हॉर्न वाजला. त्याला सांगायला म्हणून मी उठायला गेलो, तर मागून ढोपराला ओलं नाक लागलं. बसलो. बसल्या जागेवरूनच हाक दिली, "बाबुराव, चहा पिऊन जा! गाडी रिकामीच न्यावी लागंल."