दत्तूअण्णांची फराळाची शिफ्ट

आमच्या शेजारच्या दत्तूअण्णांच्या स्वयंपाकघरात, गॅसच्या वर, एक पांढरा बोर्ड टांगलेला होता. 'चकली – फर्स्ट शिफ्ट. शंकरपाळी – सेकंड शिफ्ट. करंजी – मनुष्यबळ अपुरे.' मनुष्यबळ म्हणजे कमलवहिनी. त्या अंगणवाडी सेविका, आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर त्यांना घरोघरच्या सर्वेक्षणाचं काम लागलेलं.

अण्णा रांजणगावच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते, मीही तिथंच. त्या वर्षी कंपनीला गुणवत्तेचं सर्टिफिकेट हवं होतं. पुण्याहून टाय घातलेला एक माणूस आला आणि प्रत्येक काम ठरवून, लिहून, तपासून करा असं सांगून गेला. आम्ही त्याची बिस्किटं खाल्ली आणि विसरलो. अण्णांनी मात्र ते सगळं वडगाव रासाईला घरी आणलं.

"प्लॅनिंग पाहिजे, पाव्हणं," हे त्यांचं पालुपद. म्हशीला वैरण टाकतानाही तेच, कांद्याला पाणी सोडतानाही तेच.

तळलेली प्रत्येक करंजी ते उजेडात धरून बघत. कडेला चीर दिसली की तिच्यावर लाल टिकली चिकटवायची, म्हणजे ती रिजेक्ट. वहिनींचं टिकल्यांचं अख्खं पाकीट त्यात संपलं. रिजेक्ट माल दोन्ही मुलींना खायला मिळे, त्यामुळे दुसऱ्या दिवशी रिजेक्शन एकदम वाढलं. पोरी कच्च्या करंजीला हळूच अंगठा लावत होत्या. अण्णांनी तासभर चौकशी केली आणि निष्कर्ष काढला, "साच्यात फॉल्ट हाय."

"तुमचं प्लॅनिंग झालं की सांगा," वहिनी म्हणाल्या, "मी तवर तळून घेते."

खरं तर दोघांच्याही अंगात त्राण उरलं नव्हतं. अण्णा पहाटे साडेचारला उठून धार काढायचे, सहाची कंपनीची बस पकडायचे, तीनला सुटून घरी आले की घरातली जळमटं काढणं, भाजणी दळून आणणं, कढईपुढं बसणं. वहिनी घरं मोजून येत आणि उंबऱ्यातच बसून राहत. शेवटी एकदा कंपनीत साहेबांनी अण्णांना बोलावून त्यांचाच रिपोर्ट पुढं ठेवला.

"वाचा."

"शाफ्ट, दोनशे नग, ओके हाय साहेब."

"शेरा वाचा."

अण्णांनी वाचला. "खुसखुशीत."

कँटीनला आठवडाभर पुरेल एवढा तो विषय झाला. मीही हसलो. मग सुटल्यावर म्हणालो, "अण्णा, चार माणसांचं घर तुमचं. विकतचा आणा की फराळ."

"घरच्यासाठी आणंन की. द्यायचा हाय तो विकतचा न्हाई चालत." मग म्हणाले, "उद्या सुटल्यावर माझ्या गाडीवर मागं बसतो का? डबा धराया माणूस पाहिजे."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. स्टीलचा मोठा डबा माझ्या मांडीवर. नदीचा पूल ओलांडला. तेव्हा अण्णा म्हणाले, राहू गावाला सुमनकडं जायचंय. सुमन त्यांची धाकटी बहीण. पाच वर्षांपूर्वी वडिलांच्या जमिनीच्या हक्कसोडीवर तिची सही अण्णांनी घाईघाईत घेतली होती. तिनं भाऊबीजेला बोलावणं बंद केलं, यांनी जाणं बंद केलं. श्रावणात तिचा नवरा वारला.

"मातीला गेलो व्हतो," अण्णा म्हणाले. "लोकांच्या मागं उभा राह्यलो. ती बोलली न्हाई. म्या बी न्हाई." मग पुढच्या वळणावर, "यंदा दुखवट्याचं तिच्या घरात कढई चढायची न्हाई. माहेराहून कुणीतरी न्यायाच पाहिजे का न्हाई?"

सुमनताई घरापुढच्या ओट्यावर लसूण सोलत होत्या. अण्णांनी डबा त्यांच्यापुढं ठेवला आणि नुसते उभे राहिले. ताईंनी झाकण काढलं. एक चकली मोडून तोंडात टाकली.

"मीठ जास्त पडलंय."

"व्हय."

"वैनीनं केल्यात?"

"न्हाई. चकल्या म्या केल्या."

तेव्हा ताईंनी पहिल्यांदा वर बघितलं. अण्णांचे डोळे जागरणानं तांबडे झाले होते आणि उजव्या हाताच्या बोटांवर तेलानं भाजल्याचे फोड होते. ताई उठल्या. मला म्हणाल्या, "साखर किती घालू तुम्हाला?" अण्णांना त्यांनी काही विचारलं नाही.

चहा आला. माझा कपात होता. अण्णांचा आधीच बशीत ओतून, निववून आणलेला. अण्णांनी ती बशी दोन्ही हातांनी धरली आणि तशीच धरून बसले.

"पी की, दादा," सुमनताई म्हणाल्या, आणि खाली मान घालून पुन्हा लसूण सोलायला लागल्या.