रोग नेमका कुठं

"आज बी मिसिंग मारली का?" मोहनरावांनी ओट्यावरूनच लेकीला विचारलं.

"मारली," म्हणत वर्षाराणी जीपमधून उतरली. वेशीपर्यंत जाऊन येताना जीप उचकी लागल्यासारखी झटके देत आली होती.

जीप तिच्यापेक्षा वयाने मोठी. किलोमीटरचा काटा दोनदा शून्यावर येऊन पुन्हा चढणीला लागला होता. वर्षाराणीला आष्टीच्या कॉलेजात प्रयोगशाळेची नोकरी लागली होती आणि शिरूरहून रोज याच जीपने जायचा तिचा बेत होता. मोहनरावांनी मात्र मुदत घातली होती. "सोमवारपर्यंत सुधरली तर ने. न्हाई तर भंगारात घालतो, आन तू ऱ्हा आष्टीत जानकीआत्याकडं."

जानकीआत्या प्रेमळच होत्या. पण त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचा एखादा मुलगा लग्नाचा असायचा, आणि चहा नेऊन द्यायला भाचीच लागायची.

फिजिक्सच्या पदवीला जागून वर्षाराणीने ठरवलं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी लखन मिस्त्रीकडून प्लग बदलले. गॅरेजपुढे जीप मस्त पळाली. घरी आणली, आईने ओवाळली, वेशीपर्यंत नेली, की उचकी. मग प्लगच्या वायरी बदलल्या. गॅरेजपुढे मस्त, घरून निघाली की उचकी. मग कार्बोरेटर साफ केला. तेच.

लखन टेकीला आला. "ताई, गाडीला कायबी झालं न्हाई. तुमचं घरच पटंना तिला."

"घरामुळं इंजिन बिघडत नसतं, लखनभाऊ."

"मंग आजची रात इथंच ऱ्हाऊ द्या. बघू."

सकाळी वर्षाराणीने गॅरेजातून काढलेली जीप परस्पर माळावरून दूरवर फिरवून आणली. एकदाही झटका नाही. म्हणजे लखनचं खरं होतं, आणि हे मान्य करताना तिला फार जड गेलं. घरी आल्यावर नेहमीसारखं हात धुवायला आत न जाता ती जीपपाशीच राखण करत उभी राहिली.

थोड्या वेळाने सरस्वतीबाई ताट घेऊन आल्या. हळदकुंकू वाहिलं, ओवाळलं आणि बॉनेट वर उचललं.

"आई, बॉनेट कशाला?"

"नारळ फोडायला. दर बारीला फोडते की. तू असतीस आत."

"पण नारळ गाडीपुढं फोडतात ना?"

"पयल्या दिशी लखन काय म्हणला? रोग इंजिनात हाय. मंग पुढं मातीत कावून फोडू?" आणि वर्षाराणीने हात धरायच्या आत त्यांनी नारळ नेम धरून इंजिनाच्या लोखंडावर हाणला. पाणी पन्हाळीतून आल्यासारखं थेट प्लगांच्या बुडाशी जाऊन साचलं.

वर्षाराणी बघतच राहिली. ठिणगी प्लगच्या टोकाला पोचायच्या आधीच पाण्यावरून वाट काढून लोखंडात जिरत होती. ती प्लग तपासत होती, वायरी तपासत होती. आईची पूजा ही तपासायची गोष्ट आहे, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तिने आईला सगळं नीट समजावून सांगितलं. सरस्वतीबाईंचा चेहरा उतरला. "म्हंजे माज्या हातानं बिघडली?"

"तसं न्हाई गं. फक्त आता नारळ नको."

"बरं. न्हाई फोडत."

प्लग पुसून, वाळवून जीप सुरू केली. रविवारी ती दिवसभर न अडकता चालली. वर्षाराणीने आत्याला फोन करून येत नसल्याचं कळवूनही टाकलं.

सोमवारी सकाळी ती डबा घेऊन बाहेर आली, तर सरस्वतीबाई जीपपाशी उभ्या. हातात चरवी, चरवीत दूध, दही, तूप, मध, साखर.

"आई, हे काय?"

"नवस बोललेवते. सुधरली तर रोग जिथं हाय तिथं पंचामृताची आंघोळ. नारळ न्हाई म्हणलीस, न्हाई आणला. उचल बॉनेट."

वर्षाराणीने घड्याळ पाहिलं. चरवी पाहिली. आईचा उतरलेला चेहरा अजून पुरता वर आला नव्हता, तोही पाहिला.

"आई," ती हळूच म्हणाली, "रोग नेमका कुठं होता ते काल सापडलं."

"कुठं?"

पदवी घेतल्यापासून तिने एकही निष्कर्ष पुराव्याशिवाय काढला नव्हता. "स्टेपनीत."

"मला वाटलंच," ओट्यावरून मोहनराव म्हणाले.

मागच्या बाजूला टांगलेल्या जास्तीच्या चाकाला यथासांग आंघोळ झाली. कुंकू लागलं, झेंडूचा हार पडला. दह्याचा वास सोडत जीप सुरू झाली आणि एकाही उचकीशिवाय वेशीबाहेर पडली.

संध्याकाळी ती तशीच धड परत आली, तेव्हा सरस्वतीबाई दारातच उभ्या होत्या.

"अडकली का कुठं?"

"न्हाई."

"बघ," त्या ताट खाली ठेवत म्हणाल्या, "आदीच नीट तपासलं असतंस, तर माजे एवढे नारळ वाचले असते."