आटत गेलेला सिंह

"खोटं वाटंल बघ बाबामियाँ, कुणाचाच इस्वास बसत न्हाय, पण आमच्या राजनंदिनीनं आफ्रिकेत सिंहाला नुसतं 'हाड' म्हणलं, अन् सिंह शेपूट घालून गेला!"

बंडप्पांनी हे वाक्य फेकलं आणि बाबामियाँचं शिलाई मशीन खटकन थांबलं.

तामलवाडीच्या स्टँडजवळ बाबामियाँचं टेलरिंगचं दुकान. आत त्यांची बायको शरिफाबी सदऱ्याला काजं करत बसली होती. दारात लेक आरजू चहा घेऊन उभी होती. बंडप्पांचं बोलणं ऐकून तिनं कपाळावर हात मारून घेतला असता, पण दोन्ही हातांत कप होते.

बंडप्पांना इथं मुद्दाम धाडलं होतं. त्यांची नात राजनंदिनी आफ्रिकेतल्या गवताळ रानात राहून वन्य प्राण्यांचा अभ्यास करून आली होती. आता त्याच अभ्यासाला आरजूची निवड झाली होती. होकार आजच कळवायचा होता, आणि बाबामियाँ 'सिंह' या एका शब्दावर अडून बसले होते. राजनंदिनीनं सकाळी पुण्याहून फोन करून बजावलं होतं, "आजोबा, तुम्ही जाऊन फक्त खरं सांगा. त्यांची भीती आपोआप जाईल."

बंडप्पा खरं सांगायच्याच इराद्यानं निघाले होते. पण खरं काय होतं? नात तिथं शेण गोळा करत होती. हत्तीचं, रानरेड्याचं, झालंच तर जिराफाच्या लेंड्या. सिंह तिनं पाहिला तो लांबून, गाडीतून, झोपलेला, आणि तोही पाठमोरा. पोरगी विमानात बसून शेण गोळा करायला गेली, हे नातीच्या नावानं गावभर छाती काढून फिरणाऱ्या माणसानं कोणत्या तोंडानं सांगावं? शेण काय, बंडप्पांच्या गोठ्यातही पडत होतं. तेव्हा घरापासून दुकानापर्यंत येता येता शेण मागं पडलं आणि सिंह पुढं आला.

"म्हंजी सिंह इतका जवळ आल्ता?" बाबामियाँनी चष्मा वर केला. "'हाड' ऐकू जाईल इतका?"

आरजूच्या हातून चहा घेताना गाडी उलट्या रस्त्याला लागल्याचं बंडप्पांच्या ध्यानात आलं. सिंह थोडा आटवायला हवा होता.

"आल्ता, पण लई म्हातारा हुता रे. दात पडल्याला."

"या अल्ला! काका, म्हातारं जनावरच माणूस धरतंय. हरणामागं पळणं व्हत न्हाय त्याच्यानं."

"आरं, दातच न्हाईत तर धरंल कशानं?"

"पंजानं," आतून शरिफाबी म्हणाली. तिची सुई थांबली नव्हती.

"पंजाला लागल्यालं हुतं. लंगडत हुता बिचारा."

"म्हंजी चिडल्याला!" बाबामियाँ उठून उभेच राहिले.

"चिडतोय कशाला? माणसाळल्याला सिंह त्यो! राजनंदिनीनं इथनं ज्वारीच्या कडक भाकरी नेल्या हुत्या, शेंगाचटणी नेली हुती. भाकरीचा तुकडा टाकला की खायचा अन् गपगुमान बसायचा."

"दात न्हाईत अन् कडक भाकरी?" शरिफाबीनं विचारलं.

"पाण्यात भिजवून," बंडप्पा म्हणाले.

आरजूनं मागून डोळे मोठे केले, मान हलवली, शेवटी हातच जोडले. पण बंडप्पांना त्याचा अर्थ 'आणखी जोर लावा' असा वाटला.

"मंग भाकरी खायला त्यो तंबूत येत असंल," बाबामियाँचा आवाज खाली गेला. "कापडाच्या तंबूत झोपत्यात म्हणं तिथं. काका, कापडाचं मला सांगू नका. मी रोज फाडतोय कापड. दोन बोटांनी फाटतंय!"

"कापडाचा तंबू कोण म्हणलं तुला? भवतीनं तट हाय तट! आपल्या नळदुर्गावाणी. चिरेबंदी!"

"मंग तटातनं जनावरं दिसत्यात कशी?"

"बुरुजावरनं."

बाबामियाँ जरा सैल झाले. बुरूज त्यांना पटला होता. त्यांनी स्टूल पुढं ओढलं, दोऱ्याचं रीळ हातात घेतलं. तेवढ्यात शरिफाबीनं दोरा दातानं तोडला.

"काका, एवढा चिरेबंदी तट, अन् आत लंगडा सिंह भाकरी खायला आला कुठनं?"

बंडप्पांनी घाईघाईनं चहाचा घोट घेतला. कप रिकामा होता.

"बस्स!" बाबामियाँनी मशीनवर कव्हर घातलं. "आरजू, फोन कर बेटा. येत न्हाय म्हणून सांग. ज्या रानात तटाच्या आत सिंह फिरतोय, तिथं मी माझी पोरगी धाडायचो न्हाय."

आरजूनं कप गोळा केले. एकात एक ठेवताना ते उगीचच वाजत राहिले. मग तिनं फोन हातात घेतला आणि नंबर शोधू लागली. बंडप्पा तिच्या बोटांकडे बघत राहिले. दात नसलेल्या त्या सिंहानं पोरीची अख्खी आफ्रिका गिळली होती, आणि तो सिंह तर त्यांनीच सोडलेला.

"थांब पोरी!" ते ओरडले. "शेण!"

"काय?" तिघंही एकदम म्हणाले.

"शेण गोळा करायचं असतंय तिथं. सिंह-बिंह काय न्हाय. म्हंजी हाय, पण लांब. पोरीनं पाठ बघितली त्याची, बास. राहायला इटांची खोली, दाराला लोखंडी कडी. रानात जायचं ते गाडीत बसून, बंदूकवाला राखणदार संगट. अन् तिथं जाऊन करायचं काय, तर शेण बघायचं."

"नुसतं शेण?"

"नुसतं कसं?" बंडप्पांचा आवाज आपोआप चढला. ते मान खाली घालून सांगायला बसले होते, ती मान वर आली. "आरं, हत्तीला काय बोलता येतंय? त्यानं काल कुठला पाला खाल्ला, पोटात जंत हायती का, पाण्यापायी कुठवर वणवण केली, सगळं आमची पोरगी त्यो गोळा मोडून सांगती. देशोदेशीची पोरं नाकाला रुमाल लावून उभी, अन् आमची तामलवाडीची पोर हातमोजे घालून फतकल मारून बसल्याली! तिथल्या मोठ्या मास्तरनं समद्यांम्होरं तिलाच उभं केलं अन् म्हणला, ही दावती तसं बघा!"

यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि बंडप्पांना स्वतःलाच ते नवं वाटत होतं.

"एवढंच व्हय!" शरिफाबी हसू लागली. "लेंडी बघून शेळीचं दुखणं म्या बी सांगते. कालच आरजूनं आमच्या काळीला दवा पाजली, लेंड्या बघूनच की! अन् तुमी सिंहाचं घेऊन बसलाव."

बाबामियाँनी मशीनवरचं कव्हर हळूच काढलं. "शेणानं आजवर कुणाला खाल्ल्याचं ऐकलं न्हाय," ते म्हणाले. "कळव बेटा. येते म्हणून कळव."

आरजू फोन घेऊन बाहेर पळाली. रस्त्यावरनं तिचं हसणं आत येत होतं. मशीन पुन्हा सुरू झालं, ते आधीपेक्षा जोरात. बंडप्पांनी शरिफाबीकडून हक्कानं दुसरा चहा मागून घेतला.

तेवढ्यात माजी सरपंच आण्णासाहेब जाकिटाचं माप द्यायला आले. "काय बाबामियाँ, पोरगी रस्त्यावर उड्या मारायलीय की!"

"आफ्रिकेला चाललीय, आण्णासाहेब."

"आफ्रिकेला? आपल्या तामलवाडीतनं? अन् कशाला म्हणं?"

बाबामियाँनी तोंड उघडलं. शब्द ओठापर्यंत आला आणि तिथंच अडकला. त्यांनी एकदा आण्णासाहेबांच्या कडक इस्त्रीकडे पाहिलं, एकदा बाहेर लखलखणाऱ्या लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग गळ्यातली टेप सारखी केली आणि छाती पुढं काढली.

"वाघ मोजायला! साऱ्या आफ्रिकेत वाघ मोजणारं माणूस मिळंना, म्हणून खास आमच्या आरजूला बोलावणं आलंय!"

बंडप्पांना जोराचा ठसका लागला. चहा नाकातनं आला, पण त्यांना राहवेना.

"आरं काय बी फेकतूस व्हय, बाबामियाँ! आफ्रिकेत वाघच नसत्यात! पोरगी मोजंल काय, डोंबल?"