दोन खुर्च्यांचे भाऊ

आमच्या धुळ्यातल्या शेजारच्या भाऊंना भांडायला दुसरं माणूस लागत नाही. ओसरीवर समोरासमोर दोन खुर्च्या मांडतात, डावीवर बसून शुद्ध पुस्तकी मराठीत एक बाजू मांडतात, मग उठून उजवीवर जातात आणि स्वतःचंच म्हणणं अहिराणीत खोडून काढतात. शाळेत जन्मभर वादविवाद स्पर्धेची मुलं तयार केली. निवृत्तीनंतर मुलं गेली, वाद राहिला. कूलर घ्यावा की नको, हा वाद त्यांनी एवढा रंगवला की उन्हाळा संपला. "मुद्दा दडपनं म्हंजे चोरी शे," हे त्यांचं पालुपद.

त्यांची मुलगी प्रतिभा बायोटेक्नॉलॉजीत बी.टेक. झाली. आई नसलेली पोर, भाऊंनीच वाढवली. पुढे तिला जळगावला एम.एस्सी. आणि चेन्नईला एम.टेक., दोन्हीकडे प्रवेश मिळाला. पेशीत काय चालतं ते शोधत बसायचं, की त्याच पेशींकडून कारखान्यात औषध बनवून घ्यायचं? पोरीचा जीव कारखान्यातल्या त्या मोठ्या टाक्यांत अडकलेला, हे मलासुद्धा कळत होतं. तरी तिने हेका धरला, एम.एस्सी.च करणार.

भाऊंनी खुर्च्या मांडल्या. पंच म्हणून मला बसवलं.

"नळीमा थेंबभर दवाई कोनीबी करी, टाकीभर कराले इंजिनियर लागस!" उजव्या खुर्चीवरून ते असे काही बोलले की मीच चेन्नईचं तिकीट काढलं असतं. मग डावीवर गेले. संशोधन, पीएच.डी., प्राध्यापकी, सगळं दोन वाक्यांत उरकलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "या पक्षाचे एवढेच म्हणणे आहे."

"बाबा, जळगाव जवळ आहे," प्रतिभा म्हणाली. "दर रविवारी घरी येता येईल. हा मुद्दा तुम्ही दडपलात."

भाऊ त्या पुस्तकी खुर्चीवरून पहिल्यांदाच अहिराणी बोलले. "दडपेल नई, बेटा. तो मुद्दा मना शे. तुना नई."

पोर रडली. मलाही पदर डोळ्यांना लावावा लागला, कसली पंच मी!

तिला चेन्नईच्या गाडीत बसवून आले त्या संध्याकाळी भाऊ आमच्या दारात उभे. हातात पातेलं.

"वहिनी, एक माणूसनी खिचडीले पानी कितलं लागस?"

मी म्हटलं, "भाऊ, आज इथंच जेवा."

"नको," ते म्हणाले. "आते शिकनंच पडी."