तायडे सर आणि मनाचे सात धडे

तायडे सरांना ‘कसे आहात?’ असं विचारायची सोय राहिलेली नाही. ते आकड्यात उत्तर देतात. “आज साडेपाच,” म्हणतात आणि वर आपल्यालाच विचारतात, “तुमचे किती, म्याडम?” आपण घाईत ‘बरी आहे’ म्हणून सुटायला पाहिलं तर चालत नाही. “बरी म्हंजे? सहा का सात? नीट सांगा.” एकदा व्हरांड्यात प्राचार्यांनी सहज “काय तायडे?” म्हटलं, तर हे म्हणाले, “चार, सर.” प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, “अजून अडीचच वाजलेत.”

तायडे सर आमच्या कॉलेजचे क्रीडा संचालक. पंचावन्नच्या पुढचे, गळ्यात शिट्टी, पायात बारा महिने कॅनव्हासचे बूट. मेहकरच्या आसपासच्या खेड्यांतली मुलं-मुली आमच्याकडे शिकायला येतात आणि त्यातला जो कोणी त्यांच्या तावडीत सापडेल त्याला ते मैदानाभोवती पळवतात. इथवर आमची काही तक्रार नव्हती.

मग विद्यापीठाचा ऑनलाइन कार्यक्रम आला. विद्यार्थ्यांनी आपल्या मनाची काळजी आपली आपण घ्यावी म्हणून मोबाइलवर सात धडे. झोपेचा एक, चिंतेचा एक, श्वासाचा एक, असे. शिवाय रोज आपला मूड एक ते दहामध्ये नोंदवायचा. प्रत्येक कॉलेजात एक समन्वयक हवा होता. मानसशास्त्र विभाग आमच्याकडे नाही. ज्या मीटिंगमध्ये नाव ठरायचं होतं तिला तायडे सर कबड्डीच्या सामन्यामुळे हजर नव्हते, म्हणून त्यांचं नाव लागलं. मी कॉम्प्युटर शिकवते, म्हणून मदतनीस मी. माझा गुन्हा एवढाच.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी श्वासाचा धडा मैदानावर घेतला. धड्यात लिहिलं होतं, शांत जागी एकटं बसावं. सरांनी दीडशे जणांना रांगेत बसवलं.

“पह्यल्या शिट्टीले श्वास घ्याचा, दुसऱ्या शिट्टीले सोडाचा! मनात इचार आला तं येऊ द्या, त्याच्या मांगं पळू नका! ए, तू काऊन हसून राह्यला बे? शांत हो! शांत हो म्हणतो ना!”

या शेवटच्या ‘शांत हो’ला शेजारच्या शाळेतला अख्खा वर्ग खिडकीत गोळा झाला.

“सर, हे ज्याचं त्यानं मोबाइलवर करायचं असतं,” मी म्हटलं. “म्हणून तर त्याला स्वयं-मदत म्हणतात.”

“स्वयं म्हंजे एकटं असते काय, म्याडम?”



समन्वयकाला स्क्रीनवर फक्त नाव आणि धड्याचा आकडा दिसतो. आत कोणी काय लिहिलं ते दिसत नाही, दिसूही नये. कोणी मध्येच थांबलं, तर आठवड्यातून एकदा एक तयार मेसेज पाठवायचा असतो. तो सरांनी मला मोठ्यानं वाचून दाखवला. “‘प्रिय विद्यार्थी, आपण आपला प्रवास पुढे सुरू ठेवावा.’ हे काय बस डेपोचं पत्र हाये?”

मेसेज राहिला बाजूला, सरांनी फोन लावायला सुरुवात केली. “थांबली काऊन? दमली का पडली? दमली असशीन तं बस जराशीक. पडली असशीन तं सांग.” मुलांनी फोन उचलला नाही की मला. मी डोक्याला मेंदी थापून बसलेली असताना, मी भाजीवाल्याशी घासाघीस करत असताना, “म्याडम, हिवरा आश्रम गावच्या त्या दोघी पोरी अजून दुसऱ्यावरच हायेत.” शेवटी मीच चिंतेचा धडा उघडला आणि ‘चिंतेचे कारण’ या रकान्यात ‘तायडे सर’ असं लिहून टाकलं. थोडं बरं वाटलं, हे कबूल करायला हवं.

अशात प्रणाली थांबली. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची, बीबी गावाजवळच्या खेड्यातली, इथं मैत्रिणींसोबत खोली करून राहणारी मुलगी. तिसऱ्या धड्यावर थांबली आणि वर्गातही दिसेना. फोन बंद. मैत्रिणी म्हणाल्या, घरी गेली, काही बोलली नाही.

“रविवारी जाऊ,” सर म्हणाले. “पोरीच्या घरी जाचं तं संगं बाई पाह्यजे.”

“सर, कार्यक्रम ऑनलाइन आहे!” मी जवळजवळ ओरडलेच.

“पोरगी ऑनलाइन हाये काय?”

रविवारी एस.टी.त तासभर उभी राहून गेले. वाटेत सरांनी कंडक्टरचा आकडा विचारला, दोन म्हाताऱ्यांचा विचारला. माझा विचारला तेव्हा मी खिडकीबाहेर पाहू लागले.

प्रणालीचे आईवडील अंगणात तूर झोडत होते. आम्हाला पाहून गडबडले. “कॉलेजाले सुट्ट्या हायेत ना, सर?” आई म्हणाली. “पंधरा दिस झाले, घरीच हाये. जेवत नाही धड. बोलत नाही.”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सर म्हणाले, “सुट्ट्याचं राहू द्या. पह्यले तिले भेटू द्या.”

ती मागच्या पडवीत बसली होती. केस विस्कटलेले, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. आम्हाला पाहताच चेहरा उतरला. आता हे शिट्टी मारतात की काय, या धास्तीनं मी सरांकडे पाहिलं. ते बूट काढून तिच्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर बसले आणि खिशातून आपला मोबाइल काढला.

“माहं बी अडकलं हाये,” ते म्हणाले. “पाचव्यावर. चार महिने झाले.”

मी चाट पडले. पाचवा धडा असा आहे: आयुष्यातल्या सगळ्यात अवघड दिवसांतल्या स्वतःला पत्र लिहा. सरांच्या पानावर एक अक्षर नव्हतं.

“कोणते दिवस, सर?” प्रणालीनं हळूच विचारलं.

सरांनी मोबाइल दोघांच्या मध्ये जमिनीवर ठेवला. “मी फिजिक्सले होतो. अमरावतीले, एम.एस्सी.ले. एका पेपरात गेलो. घरी सांगाची हिंमत झाली नाही. दार लावून खोलीत पडून राह्यलो, दोन महिने. डबा येये, तसाच वापस जाये. कोणी इचाराले आलं नाही. मंग एक दिवस सामान बांधलं अन् निंगून आलो. फिजिक्स तिथंच राह्यलं.”

बारा वर्षं मी या माणसाच्या शेजारच्या खुर्चीत बसते. हा फिजिक्सचा विद्यार्थी होता हे मला माहीत नव्हतं. विचारलंही नव्हतं कधी.

प्रणाली रडायला लागली. मग तिनंच सगळं सांगितलं. दोन विषय राहिलेत, रात्ररात्र झोप नाही, सुट्ट्यांचं खोटं सांगितलं. आई दारात उभी राहून ऐकत होती, वडीलही मागून आले. हातातली काठी तशीच. “एवढंच व्हय, बाई?” ते म्हणाले. “मले वाटलं, काय झालं अन् काय नाही.” आणि तिथंच उंबऱ्यावर मटकन बसले.

पुढचं आत्ताच सांगून टाकते. प्रणालीचं दुखणं मोबाइलवरच्या धड्यांनी भागण्यासारखं नव्हतं. बुलढाण्याला डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या चालू झाल्या, बोलणं चालू झालं, बरेच महिने गेले. राहिलेल्या दोन विषयांपैकी एक सुटला, एक अजून आहे. आता वर्गात येते, हसते आणि बाकीच्यांसारखीच तायडे सरांचे फोन चुकवते.

पण त्या दुपारी मी आत जाऊन तिच्या आईला चहाला मदत केली आणि कप घेऊन पडवीत आले, तेव्हा सरांचा मोबाइल प्रणालीच्या हातात होता.

“तुम्ही सांगा, सर,” ती डोळे पुसत म्हणाली. “मी टाइप करते.”

सर परसात रचलेल्या तुरीच्या काड्यांकडे पाहत राहिले. मी कप खाली ठेवायलाही विसरले.

“लिही,” शेवटी ते म्हणाले. मैदानाच्या त्या टोकाला ऐकू जाणारा माणूस, पण मला कान द्यावे लागले. “लिही, दार उघड बे. मी आलो.”