साकवासाठी सुंदरी

दिवसभर लोकांना "आ करा" म्हणणाऱ्या खारूचा त्या दिवशी स्वतःचाच आ मिटेना. डॉक्टरीणबाईंनी तिला न विचारता तिचं नाव शहरातल्या सौंदर्यस्पर्धेत घालून टाकलं होतं.

"बाई, माझा ओळखपत्रावरचा फोटो बघून पहारेकरी अजून मला आत सोडताना दोनदा विचार करतो," खारू म्हणाली. "आणि मी सुंदरी?"

"मी इतकी वर्षं लोकांच्या तोंडात बघतेय. हसणं कशाला म्हणतात ते मला कळतं," बाई म्हणाल्या. "शिवाय जिंकलीस तर सिमेंटच्या कारखान्याचे साहेब तुझ्या मनातलं एक काम करून देणार आहेत. लोकांच्या उपयोगाचं, कुठलंही."

खारूनं हातातला छोटा आरसा खाली ठेवला. दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागल्यापासून तिनं हातातलं काम असं मध्येच कधी टाकलं नव्हतं. पण तिच्या मनात लहानपणापासून एकच काम होतं, आणि ते म्हणजे ओढ्यावर साकव, पायी जायचा छोटा पूल.

खारूची वस्ती आदिवासींची, डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्यापलीकडे. ओढा तसा गरीब स्वभावाचा, पण पाणी चढलं की कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही. मग शाळा बंद, दवाखाना बंद, खारूचं कामावर जाणं बंद. मावशीच्या सुनेला बाळंतपणासाठी खाटेवर घालून नेत होते, तेव्हा बाळानं पलीकडचा काठ येईपर्यंतही दम धरला नव्हता. साकवासाठी वस्तीनं कचेरीत इतके हेलपाटे घातले होते की तिथला शिपाई यांना नातेवाईक समजून घरची खुशाली विचारायचा. साहेबलोकांचं उत्तर मात्र ठरलेलं असायचं, "बघू." तेव्हा सुंदरी होऊन साकव मिळत असेल, तर सुंदरी व्हायला खारूची ना नव्हती.

वस्तीनं ही गोष्ट भलतीच मनावर घेतली. मावशी शिवणकाम करायची. तिनं दुसऱ्यांचे कपडे बाजूला सारून खारूचा झगा शिवायला घेतला. खारू उंच टाचांचे बूट घालून अंगणात चालायची सवय करू लागली. वस्तीतले सगळ्यांत वडीलधारे थोरले आजोबा ओट्यावर बसून तिची ती लटपटणारी चाल बराच वेळ बघत होते.

"पोरीला काय झालंय?" त्यांनी शेवटी विचारलं.

"चालायला शिकतेय," मावशी म्हणाली.

"एवढी घोडी होईस्तोवर कुणी शिकवलं नाही?"

बुटांचं जमलं, झग्याचं जमलं. अडलं ते चकतीपाशी. स्पर्धेत निम्मे गुण परीक्षक देणार होते आणि निम्मे प्रेक्षक. दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला एक लाल चकती मिळायची आणि ती आवडत्या मुलीच्या डब्यात टाकायची. "तुझी माणसं ट्रक भरून आण," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. ट्रक ठरला, ट्रक भरला. आता खारूनं एवढंच म्हणायचं होतं, की बाबांनो, चकती माझ्या डब्यात टाका. पण तिची जीभ रेटेना. स्वतःसाठी काही मागायची त्या वस्तीत कुणाला सवयच नव्हती.

"चकती जरा विचार करून टाका हं," ती कशीबशी म्हणाली.

"एवढं कळतं आम्हाला," मावशी म्हणाली आणि खारूचा जीव भांड्यात पडला.

स्पर्धेच्या दिवशी डॉक्टरीणबाई येऊ शकल्या नाहीत. कुणाची तरी अक्कलदाढ ऐन वेळी आडवी आली होती. रंगमंचामागच्या खोलीत खारूच्या शेजारी मोबाइलच्या दुकानात काम करणारी एक उंच मुलगी बसली होती. तिच्या झग्याची शिवण उसवली होती आणि धीर द्यायला घरचं कुणीही आलेलं नव्हतं. मावशी सुईदोरा घेऊन आत घुसली, तिनं शिवण घातली, मुलीचे डोळे पुसले, वर तिची सगळी चौकशीही करून घेतली.

मग खारूची पाळी आली. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी लाडात येऊन विचारलं, "थेट जंगलातून आमच्या मंचावर आलेली ही आपली आदिवासी कन्या! काय गं, एखादं जंगलातलं गाणं म्हणून दाखवतेस?"

"मी थेट दवाखान्यातून आलेय," खारू म्हणाली. "गाणं येत नाही. कुणाची दाढ दुखत असेल तर बघते."

सभागृह खदखदून हसलं. पुढचा प्रश्न मनातल्या कामाचा होता. बहुतेकींना जगात शांती हवी होती. उंच मुलीला आपल्या रुक्ष चौकात एक कारंजं हवं होतं. खारू म्हणाली, "आमच्या ओढ्यावर साकव. त्याला कमरेएवढा कठडा, म्हणजे शाळेत जाणारी पोरं पडणार नाहीत." परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या. सिमेंटवाले साहेब तेवढे मान खाली घालून फोनवर कुणाला तरी झापत होते.

परीक्षकांच्या गुणांत खारू पहिली आली. आता फक्त डबे उघडायचे होते. उंच मुलीचा डबा उलटा केला तेव्हा टेबलावर चकत्यांचा ढीग झाला. खारूचा डबा उलटा केला. त्यातून एकच चकती पडली, गरगर फिरली आणि टेबलावरून खाली घरंगळली. उंच मुलगी जिंकली, खारू दुसरी आली. आणि वस्तीच्या ट्रकभर माणसांनी उभं राहून त्या उंच मुलीसाठी अशा काही शिट्ट्या मारल्या, की साहेबांनी फोन खिशात ठेवला.

परतीच्या वाटेवर ट्रकमध्ये खारूचा बांध फुटला. "अहो, साकव हातातोंडाशी आला होता. तुमच्यातल्या एकालाही माझा डबा दिसला नाही?"

"मासे वाटणारा माणूस आपल्या घरचा वाटा आधी काढतो का गं?" थोरले आजोबा म्हणाले. "चकत्या आमच्या हातात, म्हणजे वाटणारे आम्ही. ज्याचं कुणी नाही त्याला आधी."

"ती पोर एकटीच होती," मावशी म्हणाली. "मी म्हटलं, माझ्या एकटीची तिला टाकली तर काय बिघडतंय? तुला बाकीचे टाकतीलच."

"मलाही असंच वाटलं," कुणीतरी मागून म्हणालं. हळूहळू उलगडा होत गेला. अख्ख्या ट्रकला असंच वाटलं होतं.

"आणि एक चकती तुलाही मिळाली होती ना?" मावशीनं विचारलं. "ती कुणाच्या डब्यात टाकलीस?"

"त्या उंच मुलीच्या," खारू पुटपुटली.

"मग तुझ्या डब्यातली ती एक कुणाची?" थोरल्या आजोबांचा आवाज चढला. सगळे एकमेकांकडे संशयानं बघू लागले. खारूचे बाबा तेवढे मागे पळणारे विजेचे खांब फार लक्ष देऊन बघत होते.

"बाबा?" खारूनं विचारलं.

"हात घसरला," बाबा म्हणाले.

"स्वतःच्याच घरात टाकलीस? चारचौघांत?" थोरले आजोबा त्यांना घर येईपर्यंत बोलत राहिले, आणि बाबा मान खाली घालून ऐकत राहिले. साकव गेल्याचं दुःख खारूला होतंच. पण बाबांच्या खांद्यावर डोकं टेकून तिला जे वाटलं, ते त्या मुकुटानंही वाटलं नसतं. जन्मात कधी रांगेत पुढं न घुसलेल्या बापानं तिच्यासाठी एवढी बेशरमी केली होती.

उतरताना मावशीला काहीतरी आठवलं. "अगं हो, रविवारी जेवायला माणसं येणारेत. त्या जिंकलेल्या पोरीला बोलावलंय. साहेब शेजारीच उभे होते, मग त्यांनाही म्हटलं, या."

"आणि ते येतो म्हणाले?"

"ते कुठले! पण स्पर्धेची बातमी करायला आलेली कॅमेरावाली बाई म्हणाली, बातमीत छान दिसेल. मग झाले कबूल."

रविवारी पाहुणे आले तेव्हा डोंगरात पाऊस झालेला होता आणि ओढा मांडीपर्यंत चढला होता. गाडी काठावरच थांबली. कॅमेरावाली बाई बाबांचा हात धरून आधीच पलीकडे पोचली. उंच मुलगी चपला हातात घेऊन पाण्यात उतरली, शेवाळावरून घसरली आणि सरळ ओढ्यात बसली. खारूनं तिला ओढून काढलं तेव्हा ती नखशिखांत भिजून हसत होती. साहेब मात्र आपल्या चकचकीत बुटांकडे बघत उभे होते. बाबा परत अलीकडे गेले आणि त्यांच्यासमोर वाकले. "बसा खांद्यावर," ते म्हणाले.

ओढ्याच्या मध्यावर पोचले, तेवढ्यात काठावरून झगा पिळत उंच मुलगी ओरडली, "साहेब, माझं कारंजं राहू द्या. मला पुरेसं पाणी मिळालं. इथं साकव बांधा."

"अगं, कारंजं चौकात चार लोकांना दिसेल," साहेब वरून म्हणाले. "इथं कोण येतंय बघायला? साकवाचं पुढच्या वर्षी बघू."

बाबा थांबले.

"काय हो, थांबलात का?"

"तुम्ही बोलताय ना साहेब. पाण्याच्या आवाजात मला चालता चालता ऐकू येत नाही."

खारूनं ओठ घट्ट मिटले. दगडाखाली खेकडा हलला तरी बाबांना ऐकू जायचा, हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू," साहेब जरा मोठ्यानं म्हणाले.

"हां," बाबा म्हणाले आणि तसेच उभे राहिले. पाणी वाहत होतं. साहेबांनी खाली बघितलं आणि लगेच वर बघितलं.

"बरं, याच वर्षी."

बाबा एक पाऊल चालले. "लाकडी का साहेब?"

"लाकडी कशाला? सिमेंटचा. माझा स्वतःचा कारखाना आहे."

बाबा आणखी एक पाऊल चालले. "आणि कठडा?"

"कठडा कशाला हवाय?"

"तुम्ही आत्ता माझं डोकं कसं घट्ट धरलंय," बाबा म्हणाले. "तसं पोरांनाही काहीतरी धरायला हवं ना."

"कठडाही," साहेब म्हणाले.

"साहेब, आवाज नीट आला नाही," कॅमेरावाली बाई काठावरून ओरडली. "परत एकदा सगळं बोलता का?"

साहेबांनी याच वर्षी, सिमेंटचा, कठड्यासकट, असं सगळं खणखणीत आवाजात परत सांगितलं. त्यानंतर बाबा उरलेला ओढा झपाझप पार करून आले. खारू आणि उंच मुलगी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि खारूचे उरलेसुरले कोरडे कपडेही भिजले. मावशी साहेबांना पान वाढायला घेऊन गेली.

थोरले आजोबा मात्र कपाळाला आठ्या घालून उभे होते. "पाहुण्याला पाण्यात अडवून धरतोस? आणि तेही स्वतःसाठी मागायला?"

"स्वतःसाठी कुठं? सगळ्यांसाठी मागितलं," बाबा विजार पिळत म्हणाले.

थोरल्या आजोबांनी यावर खूप विचार केला. त्यात काही खोट सापडेना.

"मग काठापासून वरपर्यंत पायऱ्यांचंही बोलायचं होतंस," ते म्हणाले.

"साहेबांना परत जायचंय अजून," बाबा म्हणाले.