सोऱ्या, लोणचं आणि माझी आरामखुर्ची

इंग्रजी क्रियापदांच्या बाबतीत बंगळूरच्या अख्ख्या सर्जापूर रोडवर मला तोड नाही, हे आधीच सांगून टाकतो! नागपूरला उभा जन्म इंग्रजी शिकवण्यात गेला. माझे विद्यार्थी आज अमेरिकेत आहेत आणि माझ्यासारखं इंग्रजी तिथे ऐकायला मिळत नाही म्हणून रडतात! त्यामुळे आमच्या सोसायटीने दिवाळीच्या तोंडावर 'अदलाबदल मेळा' ठरवला, घरातली नको असलेली वस्तू आणा आणि दुसऱ्याची न्या, तेव्हा उद्घाटनाला मलाच बोलावलं यात नवल ते काय?

विषय मीच निवडला. 'एक्स्चेंज' हे क्रियापद आणि त्याचे सगेसोयरे.

"मंडळी," मी माईक हातात घेत म्हणालो, "शब्द भाऊभाऊ असले तरी एका ताटात जेवत नाहीत! स्वॅप म्हणजे हातोहात, पोरं गोट्या बदलतात तसं. एक्स्चेंज म्हणजे तोच स्वॅप, पण इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. बार्टर हा दोघांचा पणजोबा: ज्वारी द्या, मडकं न्या! सब्स्टिट्यूट म्हणजे एकाला उठवून त्याच्या जागी दुसऱ्याला बसवणं. आणि ट्रेड? ट्रेडमध्ये दोघंही हसत घरी जातात, कारण आपणच समोरच्याला गंडवलं असं दोघांनाही वाटत असतं!"

टाळ्या अशा पडल्या की क्लबहाऊसची काच तडकली. आता बदलली आहे, नाहीतर दाखवली असती.

प्रात्यक्षिकाशिवाय मी शिकवत नाही. निघताना स्वयंपाकघराच्या माळ्यावरून हाताला लागेल ती जड पितळी वस्तू पिशवीत टाकून आणली होती. समोर विराज उभा होता. तिसऱ्या मजल्यावर एकटा राहणारा, पुण्याचा, कॉम्प्युटरवाला. त्याच्याकडे पाठ खाजवायचा स्टीलचा हात होता, रेडिओच्या एरियलसारखा लांब होणारा. मी पितळ दिलं, हात घेतला. "धिस इज स्वॅप!" पुन्हा टाळ्या.

दुपारी बाल्कनीत आरामखुर्चीत बसून पाठ खाजवत होतो, तोच फोन वाजला. आमची सुनंदा!

"अहो, ऐकता का? ताईकडे मारतहळ्ळीला आहे. चकलीची भाजणी दळून झाली, संध्याकाळी येतेच. माळ्यावरचा सोऱ्या तेवढा काढून ठेवा."

"कुठला सोऱ्या?"

"घरात सोरे आहेत किती? आईचा. पितळी. माझं नाव कोरलेला."

स्टीलचा हात पाठीवरच थिजला. हा सोऱ्या सासूबाईंनी स्वतःच्या संसारातून काढून लेकीला दिला होता. त्या गेल्यापासून सुनंदा तो आमच्या सुनेला, श्वेताला, घासायलासुद्धा देत नाही!

"ठेवाल ना?" सुनंदा गोड आवाजात म्हणाली. इतक्या गोड की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

"ठेवतो की! हा काय, समोरच आहे!"

तीन मजले मी असा उतरलो की लिफ्ट माझ्यामागून आली.

"तो डंबेल ना, काका?" विराज म्हणाला. "एकच होता, जोडी नाही. खाली रक्षितावहिनींना देऊन टाकला. बदल्यात लोणच्याची बरणी! सॉलिड डील!"

"डंबेल? अरे गाढवा, चकली कधी पाहिलीस का?"

"चकली पॅकेटमधून येते ना?"

"ती बरणी दे इकडे. हा घे तुझा हात."

"हात तर माझाच होता, काका. लोणच्याचं काय?"

शेवटी लोणच्यापायी माझी छत्रीही गेली. हे एक्स्चेंज होतं, पण शर्टाची इस्त्री पार मोडलेली!

रक्षिता देवनहळ्ळीला माहेरी गेली होती. घरात तिचे सासरे, नागोजीराव. यांचं घराणं शहाजीराजांच्या काळात बंगळुरात आलं, आणि प्रवासाचा शीण अजून उतरलेला नाही अशा थाटात ते लोळत असतात. टेबलावर सोऱ्या सोन्यासारखा चमकत होता.

"बन्नी, अण्णा, बन्नी! बसा की!"

"हे तुमचं लोणचं, नागोजीराव. आमचा सोऱ्या द्या."

"सरी. पण बरणी अर्धीच की!"

"विराजने खाल्लं!"

"मग उरलेल्या अर्ध्याला काय देणार?"

मी त्यांना 'रिटर्न' आणि 'ट्रेड' यांतला फरक समजावू लागलो. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "सकाळी तुम्हीच सांगितलं की, अण्णा. दोघांनी हसत घरी जायचं. मला तुमची ती आरामखुर्ची स्वल्प आवडते."

स्वल्प! नागपूरहून ट्रकमधून आलेली सागवानी खुर्ची! मुलाच्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच एक राज्य! पण डोळ्यांसमोर सुनंदा आली. लिफ्टमध्ये खुर्ची आणि मी दोघं मावेनात, म्हणून तिच्यात बसूनच खाली उतरलो. शेवटचं बसणं!

संध्याकाळी सुनंदा आली. मी सोऱ्या तिच्यापुढे ठेवला, छाती काढून.

"अरे वा," ती म्हणाली. "नागोजीरावांनी आणून दिला वाटतं?"

"म्हणजे?"

"रक्षिताचा फोन आला होता मला गिरणीत. 'अक्का, विराजने सोऱ्या दिलाय, त्यावर तुमचं नाव आहे. मामंजींना सांगून ठेवलंय, संध्याकाळी वर आणून देतील.'"

"मग मला काढून ठेवायला का सांगितलंस?"

"म्हटलं बघावं, खरं बोलता का." तिने बाल्कनीकडे नजर टाकली. "खुर्ची कुठाय?"

खालून ओळखीची करकर ऐकू येत होती.

दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून सोऱ्या मीच फिरवत होतो. मध्येच बाल्कनीतून ओरडलो, "नागोजीराव! डबाभर चकल्या देतो! खुर्ची द्या!"

"चकल्या अक्का पाठवणारच की, अण्णा!" माझ्या खुर्चीतून उत्तर आलं. "दिवाळीचा फराळ तो! त्याच्या बदल्यात काय मागता?"

आणि सुनंदाने खरंच ताट भरून पाठवलं! ताट रिकामं परत करायचं नाही, ही रीत नागोजीरावांच्या घराण्याने इतकी वर्षं बंगळुरात राहूनही सोडलेली नाही. रात्रीच्या जेवणाआधी ताट परत आलं. त्यात बरणी होती.

अर्धी!

या व्यवहाराला इंग्रजीत कोणतं क्रियापद लावायचं, ते मी अजून शोधतो आहे. कुणाला सुचलं तर हळू आवाजात सांगा. सुनंदा आतच आहे.